गरम कापडावरचा थेंब

मला अक्कांचा हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं मीच स्वतःला गोड करून सांगत बसेन. सकाळी मोहोळच्या स्टँडवर एस.टी.त पाय ठेवला की पोटात दुखायला लागायचं, आणि सोलापूरच्या एमआयडीसीत कारखान्याच्या गेटातून आत शिरेपर्यंत अंगाची नुसती लाही व्हायची. कारण गेटावरचा वॉचमनसुद्धा मला बघून विचारायचा, "अक्का आल्या का हो मॅडम?" अरे बाबा, मी आले ना! मी दिसत नाही का तुला?

कारखाना टॉवेलचा. मी तिथल्या लॅबमध्ये होते. लॅब म्हणजे फार काही डोळ्यांपुढं आणू नका. गोदामाच्या कोपऱ्यात पार्टिशन घालून केलेली खोली, एक टेबल, एक नळ, एक खिडकी आणि फळीवर तपकिरी बाटल्या. केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली मी घरातली पहिलीच. आई गावात सगळ्यांना सांगायची, "आमची पोरगी लॅबमध्ये हाय," आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की मी लोकांचं रक्त तपासते. मीही कधी तो गैरसमज दूर केला नाही.

माझं काम एकच. टॉवेल विणायचा तर उभ्या धाग्याला आधी खळ लावावी लागते, नाहीतर मागावर तो तटातट तुटतो. खळ म्हणजे स्टार्च, सुती साडीला आपण घरी करतो तीच. विणून झालं की ती खळ गरम पाण्याच्या मशीनमध्ये धुऊन पार काढून टाकायची आणि मगच कापड रंगाला पाठवायचं. थोडी जरी राहिली तरी तिथं रंग नीट शिरत नाही, कोड आल्यासारखे चट्टे उठतात. तर खळ गेली की नाही, ते मी सांगायचं. मशीनमधून निघालेल्या कापडाचा तुकडा कापून लॅबमध्ये आणायचा, नळाखाली धरून पिळायचा आणि त्यावर आयोडीनचा एक थेंब टाकायचा. निळाजांभळा झाला तर खळ आहे. पिवळाच राहिला तर गेली. इतकं सोपं, इतकं स्वच्छ काम! मला ते फार आवडायचं.

आणि तेच काम अक्का जिभेनं करायच्या.

त्या तेलुगू विणकरांच्या घरातल्या. वय साठीला टेकलेलं, केस करडे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. अख्खा कारखाना त्यांना अक्का म्हणायचा, मोठे मालकसुद्धा. मशीनमधून ट्रॉली बाहेर आली की अक्का टॉवेलाचं टोक उचलायच्या, त्यावर चार फुंकरा मारायच्या, डोळे मिटून ते जिभेच्या शेंड्याला लावायच्या आणि सांगायच्या, "गंजी हाय," नाहीतर "गेली." खळीला त्या गंजीच म्हणायच्या. घरात हातमाग होते तेव्हा त्यांची आजी असंच सूत चाखून बघायची म्हणे. त्या सात वर्षांच्या असल्यापासून चाखत होत्या. मी सात वर्षांची असताना मोहोळच्या शाळेत फुल्ली-गोळा खेळत होते.

पहिल्याच आठवड्यात मी एका लॉटची तपासणी केली. तीन तुकडे घेतले, तीन थेंब टाकले, रजिस्टरमध्ये सुवाच्य अक्षरात निकाल लिहिला. डाइंग मास्तर, म्हणजे रंगखात्याचा मुख्य माणूस, आला. त्यानं रजिस्टरवर कोपर टेकवलं, माझ्या अक्षरावर, आणि पलीकडं ओरडून विचारलं, "अक्काऽ, घेऊ का रंगाला?"

काय सांगू तुम्हाला! त्या कोपराखाली माझी तीन वर्षांची कॉलेजची फी होती.

बरं, अक्का काही साधीभोळी माऊली नव्हत्या. तसं असतं तर माझं मलाच वाईट वाटून मी गप्प बसले असते. त्यांना आपल्या जिभेचा चांगलाच तोरा होता. माझ्या दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "लई शिकलात की मॅडम, पण जिभेला कॉलेज लागत न्हाय." की सगळे फिदीफिदी हसायचे. मीही हसायचे, दात दाखवायला काय जातंय. आणि मग लॅबमध्ये येऊन बाटल्या उगाच आदळत पुसायचे.

मला त्यांच्या कशाकशाचा हेवा वाटायचा याची यादी केली तर माझीच मला लाज वाटेल. दहाच्या चहाचा पहिला कप त्यांना जायचा, त्याचा. मोठ्या मालकांच्या घरून शेंगाचटणी यायची ती त्यांच्या हातात यायची, त्याचा. कुणाच्या घरी बाळ झालं तर दुपट्याचं कापड दाखवायला अक्कांकडं. कुणाचं लग्न ठरलं तर साडीचं सूत खरं की खोटं विचारायला अक्कांकडं. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याभोवती आठ-दहा बायकांचं कोंडाळं, आणि मी लॅबमध्ये भाकरी मोडत एकटी. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणायची, "तू पण जाऊन बस की मग त्यांच्यात." मी का जाऊ? त्यांनी बोलवावं!

माझ्याजवळ होतं काय तर आयोडीन. त्याचा मला अभिमान होता, अगदी माहेरच्या माणसाचा असावा तसा. कॉलेजात आमच्या सरांनी पहिल्यांदा ते दाखवलं तेव्हा मी बेंचवरून उठून पुढं गेले होते. काळपट करडे खडे, शिशासारखी चमक. परीक्षानळीत घालून हलकी धग दिली तर पाणी व्हायची वाट न बघताच नळीभर जांभळा धूर, आणि वरच्या गार काचेला लागून पुन्हा तेच खडे. मूठभर मिठात ते इतकं कमी असतं की दिसत नाही, पण नसलं तर माणसाचा गळा सुजतो, पोटातलं पोर मंद होतं. जखमेवरच्या तपकिरी औषधात तेच. दवाखान्यात स्कॅनचा फोटो काढायच्या आधी शिरेत जे सोडतात त्यातही तेच. आणि माझ्या टेबलावर, पोटॅशियम आयोडाइडच्या पाण्यात विरघळवलेलं, उजेड लागू नये म्हणून तपकिरी बाटलीत, तेच.

सरांनी त्याच्या शोधाची गोष्टही सांगितली होती. दोनेकशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एक माणूस बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा तयार करायचा. त्यासाठी समुद्रातल्या शेवाळाची राख वापरायचा. एकदा त्या राखेच्या पाण्यात ॲसिड जरा जास्त पडलं आणि भांड्यातून जांभळा धूर उठला. त्याला कळलं की हे काहीतरी नवीनच आहे, पण पुढं खोदत बसायला त्याच्याकडं ना सवड ना साधनं. त्यानं ते खडे ओळखीच्या लोकांना दिले. आणि मग दोन बडे शास्त्रज्ञ, एक तिथलाच आणि एक इंग्लंडहून आलेला, हे मूलद्रव्य आहे हे आधी मी ओळखलं म्हणून भांडत बसले. वर्गात सगळ्यांना तो धूर लक्षात राहिला. मला भांडण लक्षात राहिलं. इतके मोठे लोक, तरी पोटात दुखायचं काही चुकलं नाही की, असं मनात आलं आणि जरा बरं वाटलं होतं.

दुसऱ्या वर्षी कारखान्यात छोटे मालक आले, मोठ्यांचा मुलगा, पुण्यात शिकून आलेला. परदेशी गिऱ्हाईक प्रत्येक लॉटची तपासणी कागदावर मागायला लागलं होतं, आणि "आमच्या बाईंनी चाखून बघितलं" असं काही कागदावर लिहिता येत नाही. पण डाइंग मास्तर अक्कांशिवाय ट्रॉली हलवायला तयार नाही. शेवटी छोट्या मालकांनी आम्हा दोघींना समोर उभं केलं.

"एक महिना दोघी आपापला निकाल लिहा. शेजारी शेजारी. ज्यांचा चुकणार नाही त्यांच्या एकटीच्या सहीनं लॉट रंगाला जाईल. दोन दोन तपासण्या मला परवडत नाहीत."

"आणि दुसरी?" अक्कांनी विचारलं.

"तुम्ही असाल तर घडीखात्यात टॉवेलांच्या घड्या घालायला बसा. मॅडम असतील तर..." ते थांबले. "बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला कळला. घडीखात्यात बी.एस्सी. कुणी ठेवत नाही. मला मोहोळला परत जाऊन आईला सांगावं लागणार होतं की एका म्हातारीच्या जिभेनं माझी लॅब बंद केली.

महिना सुरू झाला. अक्कांना लिहिता येत होतं, पण मराठी सावकाश. त्यांचा निकाल डाइंग मास्तर लिहायचा आणि त्या खाली तेलुगूत सही करायच्या. पहिल्या दिवशी दोन्ही निकाल सारखे. दुसऱ्या दिवशी सारखे. दहाव्या दिवशी मी एका लॉटला फिक्कट निळं दिसलं म्हणून 'थोडी खळ' असं लिहिलं, मान डोलावत, की ही बारीक गोष्ट काही जिभेला कळणार नाही. पलीकडं बघते तर मास्तरच्या अक्षरात, "जराशी हाय." मी रजिस्टर धाडकन मिटलं. वीस दिवस झाले, पंचवीस झाले. बाई एकदाही चुकेना! माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. त्यांना सर्दी व्हावी. तोंड यावं. गरम चहानं जीभ पोळावी. एकदा तर मी डब्यात हिरव्या मिरचीचा झणझणीत ठेचा आणला आणि कधी नव्हे ते त्यांना वाढायला गेले. त्यांनी खाल्ला, वर म्हणाल्या, "छान हाय, मीठ जरा कमी," आणि तासाभरात लॉट अचूक सांगितला.

महिना संपायला तीन दिवस राहिले असताना गडद निळा रंगवायच्या टॉवेलांचा तो लॉट आला. मोठा लॉट, जहाजाची तारीख ठरलेली. एप्रिलचं ऊन, पत्र्याखाली सगळे घामानं निथळलेले. मशीनमधून ट्रॉली बाहेर आली तेव्हा कापडाच्या वाफा निघत होत्या. अक्कांनी टोक उचललं, फुंकरा मारल्या, चाखलं. पुन्हा फुंकरा मारल्या, पुन्हा चाखलं.

"गंजी हाय. परत धुवा."

मास्तरनं कपाळाला हात लावला. परत धुवायचं म्हणजे दिवस गेला. छोटे मालक तिथंच उभे होते. ते माझ्याकडं वळले. "मॅडम, तुमचं काय?"

"तुकडा घेऊन लॅबमध्ये जाते आणि सांगते."

"लॅबमध्ये कशाला? बाटली इथं आणा. सगळ्यांसमोर होऊ दे."

मी धावतच बाटली आणली. वीस-पंचवीस माणसं भोवती जमली होती. कडेचा तुकडा घेतला असं कुणी म्हणू नये म्हणून मी ट्रॉलीच्या मधोमध हात घातला. बोटं भाजली. तिथला जाड ओला तुकडा कापला आणि तसाच, हातातल्या हातात नाचवत, त्यावर थेंब टाकला.

पिवळा.

दुसरा टाकला. तोही पिवळाधमक!

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! माझ्या लग्नातसुद्धा मला इतका झाला नाही, हे मी आज नवऱ्यासमोर म्हणू शकते. मी तो तुकडा उंच धरून सगळ्यांना दाखवला, गोल फिरून. कुणीतरी टाळी वाजवली. अक्का पुढं आल्या, त्यांनी पिवळे डाग निरखून बघितले. मग पुन्हा ट्रॉलीतलं कापड घेतलं, फुंकरलं, चाखलं. "हाय की वो," त्या म्हणाल्या, पण आवाज खाली आला होता. "गिळगिळीत लागायलंय."

"उचलली जीभ लावली टाळ्याला," मागून कुणीतरी बोललं. त्यावर सगळे हसले. अक्कांवर कारखाना हसलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला तो आवाज साखरेसारखा लागला.

छोटे मालक म्हणाले, "अक्का, वय झालं आता. जीभ ती जीभच, मशीन थोडीच आहे?" आणि लॉट रंगाला गेला. महिना पुरा व्हायचीसुद्धा वाट बघितली नाही. अक्का दुसऱ्या दिवसापासून घडीला.

प्रत्येक लॉटचा तपासलेला तुकडा एका पाकिटात घालून त्यावर लॉटचा नंबर लिहून ठेवायची माझी पद्धत होती. त्या दिवशीचा तुकडाही मी आनंदाच्या भरात, गरम असतानाच पाकिटात सारला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंद पुरी करायला म्हणून मी ते पाकीट उघडलं. पिवळे डाग नव्हतेच. त्या जागी दोन निळेकाळे ठिपके होते, शाईच्या दौतीत बोट बुडवून टेकवल्यासारखे.

 मला लगेच कळलं. कॉलेजात सरांनी हे करून दाखवलं होतं, परीक्षेलासुद्धा आलं होतं आणि मला त्यात पूर्ण मार्क होते. स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग तापवला की जातो. गार झाला की परत येतो. लॅबमध्ये मी रोज नळाच्या पाण्याखाली तुकडा धरायचे तो यासाठीच, आणि इतकी सवय झाली होती की का धरतो हेच विसरले होते. त्या दिवशी मी वाफाळत्या कापडावर थेंब टाकला होता. खळ होती. अक्का बरोबर होत्या. त्या तर फुंकर मारून, गार करून मग चाखायच्या.

दुपारी लॉट रंगून बाहेर आला. जागोजागी फिकट चट्टे. मास्तर बोअरच्या पाण्यावर घसरला, पाणी जड आहे म्हणाला. छोटे मालक रंग पुरवणाऱ्यावर घसरले. दोघं माझ्या दारातच भांडत होते. माझ्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. पिवळा थेंब सगळ्यांनी डोळ्यांनी बघितला होता ना! मी तोंड उघडलं असतं तर तिथल्या तिथं सगळं मिटलं असतं. मी नाही उघडलं. मी पाकीट ड्रॉवरमध्ये सारलं.

आणि पुढं जे केलं ते जास्त वाईट. आयोडीनचा आणखी एक गुण मला ठाऊक होता. ते टिकत नाही. उघड्यावर राहिलं की हळूहळू उडून जातं, आणि त्याच्याबरोबर निळा डागही विरतो. मी ते पाकीट खिडकीत उन्हाला उघडं ठेवलं. का ठेवलं हे मला पक्कं माहीत होतं. रोज सकाळी आल्या आल्या बघायचे. निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा विटका तपकिरी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, दाराशी चप्पल वाजली तरी मी पाकिटावर रजिस्टर टाकायचे. सात-आठ दिवसांत तुकडा पांढरा झाला. त्या दिवशी मी भाकरी पोटभर खाल्ली.

आता सही माझी एकटीची होती. ट्रॉली माझ्यावाचून हलत नव्हती. तरीपण खरं सांगते, जळफळाट काही गेला नाही. मास्तर यायचा, पण दारातूनच "मॅडम, सही" म्हणून ओरडायचा आणि निघून जायचा. घडीखात्यातून मात्र हसण्याचे आवाज यायचे. बायकांचं कोंडाळं अक्कांपाठोपाठ तिकडं गेलं होतं. मी जिंकले होते आणि तरी मला त्या घडीच्या बाकड्याचा हेवा वाटत होता. याला काय म्हणायचं?

दोन आठवडे झाले असतील. जेवणाच्या सुट्टीत अक्का माझ्या दारात आल्या. हातात स्टीलची छोटी वाटी. पूर्वी यायच्या तशा कमरेवर हात ठेवून नाही, तर आत यावं की नको अशा.

"मॅडम, जरा चाखून बघता का? आमटी हाय."

मला वाटलं, काढली कुरापत. मी म्हटलं, "मी जेवले."

"थेंबभरच. मीठ बरोबर हाय का तेवढं सांगा."

त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. "सुनेला विचारलं तर ती बरोबरच म्हणते. म्हातारीला कशाला दुखवायचं, म्हणून म्हणत असेल. ह्या बायका पण तसंच. तुमी खरं सांगाल. तुमाला माझं काय पडलंय?"

मी बोट बुडवून चाखलं. आमटीत मीठ अगदी बेताचं होतं, चिमूटभर इकडं ना तिकडं. मी तसं सांगितलं. त्यांच्या तोंडावर विश्वास दिसेना.

"खरंच? मला तर कळेनाच झालंय. कधी वाटतं जास्त पडलं, कधी वाटतं टाकलंच न्हाय. घरात आता मीठ मी टाकतच न्हाय, सून टाकते." त्या स्टुलावर बसल्या. "एवढी वर्षं चाखत आले. त्यातले किती लॉट मी चुकीचे सांगितले असतील, काय की. रोज तेच डोक्यात. जीभ गेली की ओ माझी, आणि मलाच कळलं न्हाय."

मला वाटलं होतं मी त्यांची जागा घेतली. मी काय घेतलं होतं ते माझ्यासमोर वाटी घेऊन बसलं होतं. त्या क्षणी मला इतकी शरम वाटली की पुढं काय होईल याचा विचारच राहिला नाही. मी उठले. मागावरून नुकतंच उतरलेलं, खळीनं कडक कोरं कापड घेतलं. किटलीत पाणी उकळलं, कापडावर ओतलं आणि वाफ निघत असतानाच थेंब टाकला.

"बघा अक्का. पिवळं. म्हणजे काय?"

"गेली."

"कोरं कापड आहे हे. हे कोरडं राहिलेलं टोक तुम्हीच धरून बघा, कडक आहे. आता थांबा." मी नळ सोडला आणि कापड धारेखाली धरलं. माझ्या बोटांतच ते निळं होत गेलं.

अक्का उभ्या राहिल्या. त्यांनी त्या निळ्यावर अंगठा घासून बघितला. "म्हणजे त्या दिवशी..."

"कापड गरम होतं. खळ होती. तुम्ही बरोबर होता."

"तुला कधी कळलं?" आजवर मला त्या कायम 'तुमी' म्हणत आल्या होत्या.

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

त्या तेलुगूत काहीतरी बोलल्या. एकच वाक्य. त्याचा अर्थ मी कुणाला विचारला नाही, अजूनही विचारलेला नाही. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला लॅबमधून बाहेर काढलं, सगळ्या शेडमधून, जेवणाऱ्या बायकांच्या मधून, मास्तरच्या समोरून, थेट छोट्या मालकांच्या केबिनमध्ये. "सांग," म्हणाल्या. मी सांगितलं, पाकिटासकट.

छोटे मालक आधी ओरडले. "तुम्ही बी.एस्सी. आहात ना?" मग गप्प झाले, बहुधा त्यांना आठवलं असावं की थेंब तिथल्या तिथं टाकायला त्यांनीच लावलं होतं. मला काढलं नाही, कारण गिऱ्हाइकाला कागद हवाच होता. पण ठरलं असं, की आधी अक्कांचा शब्द आणि मागून माझी नोंद. दहा मिनिटांत मास्तर स्वतः अक्कांचं स्टूल घडीखात्यातून उचलून मशीनपाशी घेऊन आला. बायकांनी गलका केला. आणि मी पापी बाई, इतकं सगळं होऊनही, ते स्टूल बघून माझ्या पोटात पुन्हा दुखलंच. माझ्यासाठी कुणी कधी स्टूल उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली ट्रॉली आली. सगळे मुद्दाम थांबले होते. अक्कांनी टोक उचललं, फुंकर मारली, डोळे मिटले आणि जिभेला लावलं. आम्ही वाट बघतोय. त्यांनी दुसरं टोक घेतलं. मग तिसरं. मास्तर म्हणाला, "अक्का?"

त्यांनी डोळे उघडले ते माझ्याकडंच. "मॅडम, तुमी आधी टाका."

"अक्का, तुमचा शब्द आधी. ठरलंय तसं."

"टाका की."

मी तुकडा लॅबमध्ये नेला, गार पाण्यात पिळला, थेंब टाकला. पिवळा. बाहेर येऊन दाखवला. "गेली," त्या लगेच म्हणाल्या, मोठ्यांदा, पूर्वीच्याच आवाजात. मास्तरनं ट्रॉली ढकलली. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तसंच, आणि त्याच्या पुढच्या दिवशीही. निळं दिसलं की "हाय," पिवळं दिसलं की "गेली." शब्द त्यांचाच, पण माझ्या थेंबाच्या मागून.

मला वाटलं होतं, चार दिवस जातील, मग होईल ठीक. महिना गेला. एके दिवशी मी ठरवलं की आज त्यांना आधी बोलायला लावायचंच. ट्रॉली आली तेव्हा मी जागची हललेच नाही. म्हटलं, "अक्का, आज आयोडीन संपलंय. तुम्हीच सांगा. तुम्हाला कळतंय. तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, सगळ्यांना माहीत आहे ते." हे शेवटचं वाक्य पूर्वी कुणी माझ्याकडून पकडून वदवलं असतं तर मी विहिरीत उडी मारली असती. आता मी ते मनापासून, जवळजवळ हात जोडून म्हणत होते.

त्यांनी टोक तोंडाजवळ नेलं. फुंकर मारली. जिभेला लावलं आणि डोळे मिटून उभ्या राहिल्या, इतका वेळ की मशीनवाला काम थांबवून बघायला लागला. मी मनात म्हणत होते, बोला ना अक्का, काहीही बोला, चुकलं तरी चालेल, तुमच्या पाया पडते.

त्यांनी कापड हळूच ट्रॉलीवर ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं.

"नवीन बाटली भरून आणा मॅडम," त्या म्हणाल्या. "तोवर मी थांबते हितं."